धाकूने मान डोलावली

१४ एप्रिल १९८२
एका पानाची खरी किंमत आजच मांडून ठेवतो, नंतर माणूस विसरतो. ‘तुफान तांडेल’, अंक पहिला, पान पहिलं. धाकूचे चार दिवस. चहा अकरा. निबा दोन, त्यातली एक मी हातात घेऊन बघताना मोडली. समुद्राला अर्धा दिवस. तांडेलच्या आईच्या लुगड्याच्या काठाला दीड दिवस. म्हटलं, अरे समुद्र केवढा, काठ केवढा, हिशेब उलटा झाला तुझा. धाकूने मान डोलावली आणि काठात रुईफुलांची आणखी एक ओळ घातली.

१६ एप्रिल
डोकं कसं चालतं बघा. गिरण्यांचा संप जानेवारीपासून. गिरणी कामगारांच्या घरची लग्नं पुढे गेली, म्हणून पत्रिका बंद, म्हणून घाटकोपरच्या गाळ्यात माझं छपाईचं ट्रेडल मशीन गप्प. तिकडे असल्फ्याला गावाकडचा माझ्याच वाडीतला धाकू, अठरा वर्षं लूम चालवलेला, खोलीत बसून. हात असा की गिरणीतल्या गणपतीचा मागचा पडदा दरवर्षी तोच रंगवायचा. मोकळं मशीन, मोकळा आर्टिस्ट. दुसऱ्याला यात दोन बेकार दिसले असते. मला कॉमिक दिसलं.
बायको वनमाला म्हणाली, लोकांकडे पैसे नाहीत. मी म्हटलं, पण वेळ आहे ना. वेळ असलेला माणूस वाचतो. ती म्हणाली, वेळ असलेला माणूस उसनं मागून वाचतो. बायकांना मार्केट कळत नाही.

२ मे
संकल्प:
शंभर अंक काढायचे. त्याआधी थांबायचं नाही.
धाकूला दर महिन्याच्या एक तारखेला दोनशे.
मिशी ठेवायची. मालकासारखं दिसायला हवं. सफाचट तोंडाच्या माणसाला पेपर एजंट पोरगा समजतात, मी बेचाळीसचा असलो तरी.

१९ मे
अंक पहिला बाहेर. सोळा पानं, काळा आणि निळा. दोन हजार प्रती. मशीनवर स्वतः उभा होतो. पाचशेव्या कागदाला डावीकडचा स्प्रिंग सैल झाला, तो न बघता नुसत्या आवाजावरून ओळखला. पंधराव्या वर्षी गावाहून आलो ते छापखान्यात कागद लावायला, तेव्हापासून ही कमाई. माझे कान तिखट आहेत. मशीनचं ऐकतो तसं माणसाचंही ऐकतो. बोलतो तेवढंच नव्हे, गिळतो तेही.

११ जून
एजंट चंद्रप्रकाश आला. विकल्या न गेलेल्या अंकांची फक्त मुखपृष्ठं फाडून परत आणतात, तशी रीत आहे. तेराशे चाळीस मुखपृष्ठं. म्हणाला, सेठ, बच्चा लोग देखता है, पलटता है, रख देता है. म्हणजे बघतात. पहिल्या अंकाला एवढं बघणं खूप झालं.
चांगली बातमी: असल्फ्यातल्या तिघी बायकांनी प्रत्येकी एक अंक घेतला. शिवणाच्या क्लासात त्या काठाची नक्कल करताहेत. वा! महिला वाचकवर्ग. धाकूला सांगितलं की यापुढे काठ मोठा काढ. त्याने मान डोलावली. काठ आहे तेवढाच काढला. आर्टिस्टला मोजमाप शिकवू नये.

२८ जून
मिशी बरी आली आहे. ओठ झाकले गेले. भारदस्त वाटतं. धाकू सुद्धा आता मी बोलताना टक लावून तोंडाकडे बघतो, पूर्वीपेक्षा जास्त. कपाळाला आठ्या घालून बघतो. मालक म्हणून माझं वजन पडू लागलं आहे.

५ जुलै
धाकू म्हणाला, "दत्ता, काय ता लिहून दी मरे."
हे मला आवडलं. मोठ्या प्रकाशकांकडे अशीच सिस्टिम असते म्हणे. तोंडी कारभार नाही. आता प्रत्येक फुग्यातलं वाक्य चिठ्ठीवर लिहून देतो. बाकी इकडचं तिकडचं बोलणं मात्र तोंडीच. सगळंच कुठे लिहीत बसू?

१७ जुलै
वनमालाला समज दिली. जेवायला बसलो की ती धाकूशी केवढ्याने बोलते! भाजी वाढू का, हे शेजारच्या गाळ्यात ऐकू जाईल एवढ्याने. म्हटलं, बेकार माणूस आधीच खचलेला असतो, त्याच्याशी मऊ बोलावं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तू मऊच बोल. पटलं असणार.

३० ऑगस्ट
झटका. दंतमंजनवाल्या विद्याधर शेटची जाहिरात मोठ्या मुश्किलीने मिळवली होती. अट एकच: शेवटच्या चित्रात तांडेलच्या हातात दंतमंजनाचा डबा हवा. धाकू बाटलीत कुंचला धूत होता, तेव्हा मी त्याच्या मागे उभा राहून तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा तो वळला, हसला, मान डोलावली. घाईत पान न बघताच अंक छापला. तांडेलच्या हातात वल्हं.
विद्याधर शेट म्हणाले, याने दात घासायचे काय?
जाहिरात गेली. धाकूला काही बोललो नाही. विचार केला तेव्हा कळलं की त्याचंच बरोबर होतं. भर वादळात होडीवर दंतमंजन कोण काढतो? माझ्या फायद्याचं असून त्याने कलेशी तडजोड केली नाही. भांडला नाही, शब्द बोलला नाही, नुसतं काढून दाखवलं.

२ ऑक्टोबर
धाकूचे दोनशे या महिन्यातही राहिले. सत्तर दिले, बाकीचं दिवाळीनंतर म्हटलं. तो काही बोलला नाही. पण न बोललेलंही मला ऐकू येतं. तो मनात म्हणाला, असू दे दत्ता.

२१ नोव्हेंबर
दिवाळी अंकाची सातशे मुखपृष्ठं परत. आता प्रती हजारच काढतो, त्यामुळे परत येणारा आकडा आपोआप कमी झाला. सुधारणा आहे.
धाकूची बायको सुलक्षणा चार घरी पोळ्या करू लागली असं वनमाला सांगत होती. धाकूने मला सांगितलं नाही. मानी आहे.
तो सकाळी नऊला येतो, खिडकीखालच्या पाटावर बसतो. सहाला उठतो. मी दिवसभर बोलतो. पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन सांगतो, तांडेलचा हिंदी अंक, गुजराती अंक, मुलुंडला स्वतःची मोठी जागा. तो काढत असतो. आठ महिन्यांत आमच्यात एकदाही मतभेद नाही. पार्टनरशिप असावी तर अशी. दोन सख्खे भाऊ एवढे एकमताने राहत नाहीत.

१८ जानेवारी १९८३
संपाला वर्ष झालं. धाकू आज आला नाही. पहिल्यांदाच. गिरणीच्या गेटवर जाऊन आला म्हणे, नुसता. आत आता कोण घेतो?
नवा संकल्प: धाकूला आधी, कागदवाल्याला नंतर.

२० जानेवारी
कागदवाल्याला दिले. कागद नसेल तर धाकू काढणार कशावर.

२६ फेब्रुवारी
चंद्रप्रकाशने एक गोष्ट सांगितली. मुलुंडला कॅलेंडरं छापणारी कंपनी आहे, तिथे हाताने चित्र काढणारा माणूस हवा आहे. पर्मनंट. साडेचारशे पगार. त्याने माझ्याकडे धाकूचं काम पाहिलंय, तिकडे शब्दही टाकून आलाय. म्हणाला, आपका आदमी भेज दो, पंद्रह तारीख तक.
माझा आदमी.

२७ फेब्रुवारी
आठवा अंक अर्धा झाला आहे. अर्ध्यावर माणूस सोडणं धाकूलाच बरं वाटणार नाही. अंक झाला की सांगू.

१ मार्च
कॅलेंडरवर काय काढायला लावतील? देव, बाळं, धबधबे. त्याच्या हाताची माती होईल. मी सांगत नाही ते त्याच्यासाठीच.

२ मार्च
वनमालाला सगळं कळलं आहे. चंद्रप्रकाश तिलाही बोलला. तिने जेवताना मला पापड वाढला नाही.

३ मार्च, दुपार
सांगितलं. एकदाचं तोंडावर सांगून टाकलं.
म्हटलं, धाकू, मुलुंडला नोकरी आहे. साडेचारशे. पर्मनंट. माझ्याकडे तुझे किती थकले ते मला माहीत आहे, आणि ते मी देऊ शकेन असं वाटत नाही. तू जा. मी रागावणार नाही. ‘तांडेल’चं मी बघेन काहीतरी.
एवढं खरं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नव्हतो. समोरच्या गच्चीवर एक बाई कुरडया घालत होती. बावीस मोजल्या.
मग शाईवर फुंकर मारल्याचा आवाज आला. मी वळलो तर त्याने समुद्राचं पान उचलून मला दाखवलं. "लाटो बऱ्यो इल्यो मा?"
हे त्याचं उत्तर.
मी मान डोलावली.

४ मार्च
नऊला हजर. पाटावर. जसं काही झालंच नाही. दर महिना साडेचारशे सोडून हा माणूस माझ्या गाळ्यात, माझ्या तांडेलसाठी. असा दोस्त कुणाला मिळतो? वनमालाला सांगितलं, मी त्याला स्पष्ट जा म्हटलं आणि तो गेला नाही. तिने तीनदा विचारलं, नक्की सांगितलंस? शब्दन्‌ शब्द सांगितला म्हटलं. मग ती गप्प झाली. मी जिंकलो असा तो गप्पपणा नव्हता, पण असो.

१६ मार्च
मुलुंडची जागा भरली. चंद्रप्रकाश माझ्यावर चिडला आहे. म्हणाला, मैंने जुबान दी थी, आपका आदमी आया ही नहीं. मी छाती काढून सांगितलं की तो आदमी पैशाने विकत मिळत नाही.

९ एप्रिल
सातव्या अंकाची मुखपृष्ठं परत आली. मोजली नाहीत. गठ्ठ्याच्या वजनावरून समजलं.
आठव्याच्या कागदाला पैसे नाहीत. कागदवाला दारात उभा करत नाही. तात्पुरता स्टॉप. धाकूला म्हटलं, पावसाळ्यानंतर जोरात. त्याने मान डोलावली.

२४ मे
काही गिरण्या थोडी माणसं परत घेताहेत. धाकूचं नाव यादीत नाही. असल्फ्याची खोली विकली. कुटुंब गावाला चाललं. मी म्हटलं, आंबे खाऊन या, पावसाळ्यानंतर आठवा अंक. सुलक्षणाने माझ्याकडे बघितलं आणि पदराने कपाळ पुसलं. उकाडा फार आहे.

३ जून
एस. टी. डेपोत पोचवायला गेलो. वनमालाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट दिली होती. ती स्वतः आली नाही. म्हणाली, मला जमणार नाही.
धाकू ट्रंक टपावर चढवत होता. मी आणि सुलक्षणा खाली. ती म्हणाली की वर्षभर ह्यांनी ज्याला त्याला विचारलं, हाताने काढायचं कसलंही काम असलं तर सांगा. बोर्ड रंगवायला सांगा, घरांवर नंबर घालायला सांगा. कुणी सांगितलं नाही.
माझ्या तोंडून अभिमानाने निघून गेलं. म्हटलं, वहिनी, मी सांगितलं होतं. मुलुंडला पर्मनंट. साडेचारशे. तो माझ्यासाठी गेला नाही.
ती हळू म्हणाली, "भाऊ, ह्यांका ऐकाक येना नाय. सात वर्सां झाली. लूमच्या खात्यात सगळ्यांचेच कान जातत. समोरच्याच्या तोंडाकडे बघून समाजतत. तुमका म्हायत नाय?"
माझा हात मिशीवर गेला.
"तुमची मिशी इल्यापासना तुमचा बोलना ह्यांका समाजना नाय होता. सांगूक लाज वाटली. म्हणले, दत्ता एकटोच बोलता, बोलांदे, त्याका बरा वाटता."
धाकू खाली उतरला. हात धोतराला पुसले आणि पिशवीतून गुंडाळी काढून दिली. आठव्या अंकाची सोळाच्या सोळा पानं. पूर्ण. तांडेल, होडी, आई, लुगडं, काठ, सगळं जिथल्या तिथे. फुगे तेवढे कोरे. म्हणाला, "बोलणा तू घाल."
बस हलली. खिडकीच्या काचेआड तो. मी खाली चालत चालत काहीतरी बोललो, काय ते आता आठवत नाही.
धाकूने मान डोलावली.

४ जून
वनमालाला कळत होतं, म्हणून ती मोठ्याने बोलायची. मला का सांगितलं नाहीस विचारलं. म्हणाली, ज्याच्यासमोर तो माणूस आठ तास बसतो त्याला मी काय सांगू? आणि मुलुंडचं मी तीनदा विचारलं होतं.
मिशी काढली. ब्लेड जुनं होतं, कापलं.

५ जून
गाळ्यात गेलो. पाट तिथेच आहे. त्यावर बसून बघितलं. तिथून माझी खुर्ची समोर दिसते. खिडकी डोक्याच्या मागे येते.
३ मार्चला मुलुंडचं सांगताना मी खुर्चीत नव्हतो. खिडकीशी उभा होतो, त्याच्याकडे पाठ करून.