प्रीमियमचं पाकीट

१ मार्च, सकाळी ७.४०
नवी वही. जाड पुठ्ठा, लाल कडा, दोनशे पानं. आधीच्या सात वह्या पाचव्या-सहाव्या पानावर थांबल्या, पण दोष कागदाचा होता, शाई फुटायची. मॅट्रिकला गणितात एक्क्याऐंशी मार्क पडलेल्या बाईच्या घरात हिशेब लागत नाही असं कोणी म्हणू नये.

वर्षाचं मोठं काम: ह्यांची मेडिकल पॉलिसी. एकोणीस वर्षं खंड नाही. प्रीमियम एकेचाळीस हजार तीनशे, शेवटची तारीख ३१ मार्च. मे महिन्यात ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, चार लाखांचं, ते सगळं ह्या पॉलिसीच्या जिवावर. आजच पैसे मोजून पाकिटात घातले, वर लाल शाईने ‘प्रीमियम’ लिहिलं, देवापुढे ठेवलं. पैसे बाजूला काढले की काम झाल्यातच जमा.

हे विचारत होते, भरला का. म्हटलं, झालाच समजा.

२ मार्च
लेक आली. एकतीस वर्षांची, नोकरी चांगली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की तिला एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष टिकत नाही, बिलं राहून जातात, पगार कुठे जातो कळत नाही. आमच्या वेळी ह्याला वेंधळेपणा म्हणायचे आणि तो धपाट्याने जायचा. तिचा गेला नाही, कारण धपाटा घालायचं माझ्या लक्षात राहायचं नाही.

तिला माझी पाकीट पद्धत समजावली. प्रत्येक खर्चाला एक पाकीट. एका पाकिटातून दुसऱ्यासाठी घेतलं तर आत चिठ्ठी: तारीख, रक्कम, सही. कोणाचा पैसा बुडत नाही. ती म्हणाली, आई, फोनवरून भर ना, दोन मिनिटांचं काम आहे. म्हटलं, दोन मिनिटांचंच आहे तर घाई कशाला.

जाताना डॉक्टरीणबाईंचा फॉर्म ठेवून गेली. मूल लहानपणी कसं होतं ते आईने लिहायचं. अठरा प्रश्न. उद्या.

५ मार्च
प्रीमियम भरायला निघाले. वाटेत स्टेशनरीवाल्याकडे बॉक्स फाइलींचा सेल. एरवी एकशे तीस, आज पंचाण्णव. बारा घेतल्या. चारशे वीस वाचले. हाताशी प्रीमियमचंच पाकीट होतं. चिठ्ठी ठेवली: उसने ११४०. दोन्ही हातांत फाइली घेऊन विमा ऑफिसात काय जायचं. परतले.

६ मार्च
फाइलींना लेबलं लावली. सहा रंगांची पेनं. सकाळी नऊला बसले, मान वर केली तर चार वाजलेले. दुधाच्या पातेल्याचा कोळसा. हे म्हणाले, वास येत होता, पण स्वयंपाकघरात तू आहेस म्हटल्यावर मी कशाला गुडघा दुखवू. मी स्वयंपाकघरातच होते, हे खरं. नवं पातेलं ७८०, चिठ्ठी. लेबलं मात्र छापल्यासारखी झालीत.

११ मार्च
वीज तोडायला माणूस आला. बिल हरवलं नव्हतं. ‘भरायची बिलं’ फाइलीत तारखेप्रमाणे लावलेलं होतं, दहा सेकंदांत काढून दाखवलं. विजेच्या पाकिटात तीन चिठ्ठ्या निघाल्या, म्हणून प्रीमियममधून दंडासकट ३६५०. माणूस म्हणाला, काकू, आमच्या ऑफिसातसुद्धा इतक्या नीट फाइली नाहीत. दिवस चांगला गेला.

१६ मार्च
घाऊकवाल्याकडे साबण पाऊण किमतीत. चार वर्षांचा घेतला. २९००, चिठ्ठी. वन्सं आल्या होत्या. कपाट बघून म्हणाल्या, वहिनी, एवढं धुवायचं तरी काय आहे. नणंदेला उत्तर देऊ नये हे माझं व्रत, ते आज पाळलं. दिलं असतं तर चांगलं दिलं असतं.

२३ मार्च
सकाळी घरी प्रार्थनेत मन लागलं. मधे दोनदाच उठले. एकदा गॅस बघायला आणि एकदा गॅस बघितला का ते बघायला. मग प्रार्थनाघरात गेले. तिथलं छत गळतंय. वर्गणी मागितली, तेव्हा सगळ्यांत आधी माझाच हात वर. पाच हजार. घरी येऊन पाकिटात चिठ्ठी. देवाच्या कामाला दिलेला पैसा देवच परत आणून ठेवतो, त्यामुळे ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली.

२५ मार्च
फॉर्म सापडला. साबणाखाली. बसून भरला. सुरू केलेलं काम अर्धवट सोडते का: नेहमी. वस्तू ठेवून विसरते का: नेहमी. कंटाळवाणं काम शेवटच्या दिवसापर्यंत ढकलते का: नेहमी. हात थांबेना, इतकी उदाहरणं आठवली. एकदोन माझी असतील, पण एका घरात राहिल्यावर सरमिसळ होतेच. चौदा प्रश्न झाले आणि बेल वाजली. उरलेले चार मग.

२ एप्रिल, दुपारी
३१ तारीख गेली. मी ती मोठ्या अक्षरांत लिहून ‘महत्त्वाचं’ फाइलीत ठेवली होती. ती फाइल महत्त्वाची म्हणून रोज उघडत नाही.

एजंटला फोन केला. म्हणाला, काकू, तीस दिवसांची सवलत असते. तीस एप्रिल, दुपारी चारपर्यंत. पण आजच भरा. म्हटलं, एकोणीस वर्षांची गिऱ्हाईक आहे मी, जरा विश्वास ठेव. ह्यांना सांगितलं नाही. तसा विषय निघाला नाही.

९ एप्रिल
लेकीचा फोन. फॉर्म ती परवा घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंना मला भेटायचंय. मला नवल वाटलं नाही. लेकीने पाकीट पद्धत सांगितली असणार, बाईंना बाकीच्या पेशंटना द्यायची असेल. मोठ्या शिकलेल्या बाईला मॅट्रिकवालीची गरज पडली. १७ तारीख, सकाळी अकरा.

१८ एप्रिल
१७ तारीख काल झाली. काल मी त्यांना काय सांगायचं त्याचे मुद्दे काढत होते. नऊ मुद्दे झाले. न गेल्याचा दंड ८००, चिठ्ठी.

लेक चिडली नाही. हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, आई, फॉर्मच्या मागे तू किराण्याची यादी केली आहेस, त्यावर विजेची बेरीज, आणि चार उत्तरं नाहीतच. बाई म्हणाल्या, फॉर्म लिहिणारीला घेऊन या. अक्षर आवडलं असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, बाबांचा प्रीमियम भरला ना? मी फोनवर आठवण लावली होती, ती वाजली, मी बंद केली आणि विसरले. म्हटलं, पैसे पाकिटात आहेत. तिने ‘बरं झालं’ म्हटलं. आता बरं झालं म्हणणाऱ्याला काय समजावणार.

३० एप्रिल, सकाळी १०
आजच. मुदत शेवटच्या दिवसापर्यंत दिलेली असते ती वापरण्यासाठी. पाकीट पर्समध्ये. पर्स हातात. चपला दाराकडे वळवून ठेवल्या.

दुपारी २.४५
विमा ऑफिसातून परत. रांगेत सव्वा तास, पण मी हलले नाही, शेजारच्या बाईने स्वेटरची वीण दाखवली तरी नाही. काउंटरवर पाकीट रिकामं केलं. सत्तावीस हजार तीस आणि सहा चिठ्ठ्या. क्लार्कने नोटा दोनदा मोजल्या, मग चिठ्ठ्या वाचल्या. सहाही. म्हणाला, बाई, हे काय. म्हटलं, चौदा हजार दोनशे सत्तर, सहीसकट, येणं आहे. कोणाकडून, त्याने विचारलं. माझ्याकडून, मी म्हटलं. मागच्या माणसाला खोकला आला.

क्लार्क चांगला होता. म्हणाला, चारपर्यंत बसलोय, उरलेले आणा. लेकीला फोन करणार होते, पण फोन घरी चार्जिंगला.

दुपारी ३.०५
देवाची कृपा. दहा पाकिटं, पिठाचा डबा, प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेच्या नोटा, सगळं मिळून चौदा हजार पाचशे. भागलं. ऑफिस वीस मिनिटांवर. वेळच वेळ.

फक्त दहा पाकिटांतून नोंद न करता उचलायचं म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी. आधी चिठ्ठ्या मिटवते, वहीत जमाखर्च करते. पाच मिनिटं.

३.३०
तीस कमी येतात.

४.५०
तीस सापडले. सकाळचं बसचं तिकीट. दहाही पाकिटं जुळली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, इतका चोख ताळा पहिल्यांदा लागला. ह्यांना दाखवायला वही घेऊन उठले आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

२ मे
एजंट येऊन गेला. पॉलिसी बंद. नवी काढता येईल, पण असलेला गुडघा तीन वर्षं त्यात धरणार नाहीत. ह्यांच्यासमोरच बोलला, म्हणजे मला सांगावं लागलं नाही. हे ऐकत होते. एजंट गेल्यावर म्हणाले, पैसे नव्हते तर मला सांगायचंस. म्हटलं, पैसे होते. सगळेच्या सगळे होते. हे माझ्याकडे बघत राहिले. पैसे नाहीत म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

लेक रडली. म्हणाली, चूक माझी आहे, आठवण मी बंद केली. मी म्हटलं, नाही गं, तुझं तर दुखणं आहे.

५ मे
लेकीने नवा फॉर्म आणलाय. ह्यावर माझं नाव. पहिला प्रश्न वाचला. ‘महत्त्वाचं’मध्ये ठेवला.

८ मे, संध्याकाळी
हे आता जिना उलटे उतरतात, कठडा धरून, एकेका पायरीला थांबून. मी खाली उभी राहून हात धरते. शेवटच्या पायरीला हे म्हणाले, तू मोजतेस का गं. टोमणा नव्हता. मी खरंच मोजत होते.

चौदा पायऱ्या. उतरायच्या आणि चढायच्या, दिवसातून दोन वेळा, छप्पन्न. तीन वर्षांचे दिवस एक हजार पंचाण्णव. एकूण एकसष्ट हजार तीनशे वीस.

दोनदा तपासलं. बरोबर आहे.