राखीव चिठ्ठ्या

३ मार्च
कामावर परत रुजू झालो. रजा शिल्लक आहे, पण घरी बसून करायचं काय? ही गेल्यापासून ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी ठीक आहे. झोपही लागते, उशिरा.

५ मार्च
संकल्प : कर्नेलमधली, म्हणजे संगणकाच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममधली, अडगळ काढायची. डिस्कवर काही लिहायचं तर कर्नेल आधी मेमरीत त्या मागणीची छोटी चिठ्ठी बनवतं आणि रांगेत लावतं. मेमरी भरली तरी काम अडू नये म्हणून थोड्या कोऱ्या चिठ्ठ्या राखून ठेवलेल्या असतात. वर्षानुवर्षं त्यांना कोणी हात लावलेला नाही. नुसत्या जागा अडवून बसल्यात. काढून टाकल्या. मोकळं वाटलं.
हिचं कपाट मात्र सवडीने.

६ मार्च
मास्तरांनी कोड परत पाठवला. आमच्यातले सगळ्यात जुने, सगळ्यांचा कोड तपासतात, म्हणून मास्तर. म्हणाले, "अरे बाबा, मेमरी मोकळी करायची तर आतलं आधी डिस्कवर उतरवायला हवं. उतरवायला चिठ्ठी हवी. चिठ्ठीलाच मेमरी उरली नाही, तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील." असं कधी होतं का, मी विचारलं. म्हणाले, "होईपर्यंत होत नाही." वर, अजून थोडी रजा घे म्हणाले. रजेचा इथे काय संबंध? मास्तर थकलेत.

८ मार्च
घरच्या मशीनवर माझं कर्नेल टाकलं. मेमरी भरणारी टेस्ट लावली. दाखवतोच मास्तरांना.
मुलगी होस्टेलवरून आली. तिचा फोन बिघडलाय, आईचा नेणार. त्यात हिने मुलीला पाठवलेले आवाजी मेसेज आहेत; मुलीच्या फोनमधले गेले. "किल्ली घेतलीस का", "येताना ब्रेड आण", असलेच, मुलगी सांगत होती. मी अजून ऐकलेले नाहीत. निवांत ऐकू.

९ मार्च, सकाळ
मेसेज मशीनवर घेतले. टेस्ट चालूच ठेवली; खऱ्या ओझ्याखाली बघावं. मुलगी म्हणाली, "बाबा, नुसती कॉपी करा हं, फोनवरचं काढू नका." कोणाला शिकवतेस, म्हटलं. सगळं हलवलं. स्क्रीनवर 'पूर्ण' आलं. डिस्कचा दिवा एकदाही लुकलुकला नाही. इतकं हलकं झालंय काम! फोन कोरा करून तिच्या हातात दिला. "नक्की ना, बाबा?" असं दारातसुद्धा विचारलं. बसमध्ये बसवून आलो.

संध्याकाळ
मशीन जरा अडकलंय. टेस्ट थांबवायची आज्ञा टाइप केली. अक्षरं उमटत नाहीत. विचार करत असावं.

११ मार्च
मास्तरांना सहज विचारलं. ओळखीतल्या एकाचं मशीन, म्हटलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग, "डिस्कवर उतरायच्या आधीच मूळ पुसलं त्याने?" मी म्हणालो, अनुभवी माणूस आहे. म्हणाले, "मेमरीत आहे तोवर आहे. बाहेर काढायला वाट नाही, आणि वीज गेली की संपलं. सांग त्याला." सांगतो म्हणालो.

१२ मार्च
मशीन चालू आहे. म्हणजे काहीही गेलेलं नाही. हे लोक लक्षात घेत नाहीत. पंखा गरम हवा फेकतो. कामाच्या बाईंना त्या खोलीत झाडू नका म्हणून सांगितलं, वायर अडकायची. मुलीचा फोन आला. "किल्लीवाला पाठवा ना, बाबा. झोप येत नाही." नेट मंद आहे, उद्या पाठवतो म्हणालो.

१३ मार्च
जिन्यात सूचना लागलीय : शनिवारी मीटर बदलणार, दिवसभर वीज बंद. वायरमनला गाठलं. आमचं तेवढं राहू द्या म्हटलं. "काका, तुमच्या एकट्यासाठी अख्खी बिल्डिंग चालू ठेवू? फ्रिजमधलं संपवून टाका फार तर."

१४ मार्च
चांगल्यातली बॅटरी आणली. प्रश्न मिटला.
जोडायची तर आधी मशीनचा प्लग काढावा लागतो.

१५ मार्च, शनिवार
मुलीला फोन करून सांगितलं. सगळं. ओळखीतला माणूस वगैरे नाही. मग म्हणाली, "तुम्ही ऐकले होते ना, बाबा, एकदा तरी?" हो म्हणालो.
वायरमन खाली पेटी उघडत होता. परक्याच्या हातून नको वाटलं. असं अडकलेलं मशीन बंद करायला बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं. धरलं.