पानं पडतील तिथेच राहू द्यावीत

मी, सागाच्या लागवडीची मालकीण, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव आणणारे बरेच होते, ते थकले.

एक. राहतं घर मुलीला. स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगतं, त्याला खांदा लावावा. सुताराला बोलावू नये.

दोन. बँकेतली ठेव मुलाला. त्याला झाडं देत नाही, कारण झाडाकडे पाहिलं की त्याला फळ्याच दिसतात. यात राग नाही.

तीन. लागवड मुलीला, एका अटीवर: खाली पडलेलं पान उचलायचं नाही. सागाचं पान ताटाएवढं आणि कुजायला महा आळशी. म्हणून आमच्या ह्यांनी ओळींमध्ये शिरीष लावले. त्यांची बारीक पानं भराभर कुजतात, सागाच्या पानांनाही कामाला लावतात. झाडानं मातीतून घेतलेलं असं मातीला परत मिळतं. तोडणीतही फक्त खोड न्यावं. पानं, डहाळ्या, साल जागच्या जागी सोडावी.

चार. धाकट्या दिरांविषयी. हे गेल्यावर वाटणी झाली. भावजींनी आपली बाजू दिवाणखान्यासारखी झाडली, पाला पेटवला. वर मला विचारायचे, "वहिनी, ही लागवड आहे की उकिरडा?" एका उन्हाळ्यात त्यांचीच आग वाऱ्यानं माझ्याकडे आली. ओलं गोणपाट घेऊन सर्वांत आधी तेच धावले. आम्ही दोघं बडवत सुटलो. माझ्या कडेच्या दोन ओळी गेल्या, त्यांच्या भुवया गेल्या. मग त्यांच्या सल्ल्यानं मी बांधालगतचा पट्टा झाडून मोकळा ठेवू लागले. (वरची अट तिथे लागू नाही.)

पुढे त्यांची झाडं खुरटली, पिवळी पडली. एका सकाळी पाहते तर भावजी माझ्या पट्ट्यात नव्यानं पडलेला पाला दाताळ्यानं आपल्याकडे ओढताहेत.

"वाऱ्यानं येतोय, वहिनी."

"येऊ द्या की. वाऱ्याला चहा टाकू का?"

त्यानंतर त्यांनी पाल्याला काडी लावली नाही. मुलीनं हा वारा अडवू नये.

या पत्रानं भावजींना काहीही मिळत नाही. मिळालं असतं, तर त्यांना साक्षीदार करता आलं नसतं. आणि या कागदावर मला त्यांचीच सही हवी होती.

वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली.

स्थळ: लागवडीतली पत्र्याची शेड
तारीख: चौदा मार्च

साक्षीदार:
१. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (डोकं तपासलं, ठिकाणावर आहे.)
२. धाकटे दीर (सही केली. वहिनींनी हे पत्र वापरायची घाई करू नये.)