डब्यातला बोल्ट

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
ता. २० मार्च १९५४

तीर्थस्वरूप अक्कास,
आकारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. जयसिंगपुरात ऊन वाढलं असेल. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझा हात सांधला. मूठ पुरती वळत नाही, पण पाना धरता येतो.

मोटार दुरुस्त झाली. घरामागच्या परड्यात ठोकळ्यांवर उभी करून मीच उघडली. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो ना, त्यात दातेरी चक्रं असतात. इंजिनाची ताकद तिथून चाकांना मिळते. मोडलं होतं ते तिथंच. नवी चक्रं बसवली, बेअरिंगं घातली, दात एकमेकांत नीट बसेपर्यंत परत परत खोललं. आता अजिबात आवाज नाही. अजून भाड्याला गिऱ्हाईक मात्र घेतलं नाही.

माझी लीला गारगोटीला आजोळी आहे. शाळेत घातलंय म्हणे.

तू विचारलंस ते टाळून चार ओळी लिहिल्या, पण आता लिहितोच. झुंबरमामी गावभर सांगतात की जावयानं तेल न घालता गाडी पळवली आणि माझी शालू मारली. हे खरं का, असं तू विचारतेस.

अक्का, तेल भरपूर होतं.

संक्रांतीला शालूला माहेराहून घेऊन येत होतो. कूरच्या अलीकडं मागून कडाड् आवाज आला, चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी आडवी होऊन मोरीवरून खाली गेली. पुढचं तुला ठाऊक आहे. माझंच काही चुकलं का, हे मला बघायचं होतं. म्हणून हात बरा होताच गोळा उघडला. आधी तेल काढलं; काळं, दाट, हवं तेवढं होतं. तळाला एक बोल्ट सापडला, दातांत चिरडलेला. मोठं चक्र ज्या बोल्टांनी आवळतात त्यांच्या डोक्यांना भोकं असतात. ते सुटू नयेत म्हणून भोकांतून तार ओवून पिळतात. तार तुटली असती तर तुकडे मिळाले असते. मी तेल फडक्यानं गाळून पाहिलं. तार घातलीच नव्हती. तो बोल्ट मी डब्यात घालून ठेवलाय.

दिवाळीत बेअरिंग बदलायला तो गोळा ज्ञानूनं उघडला होता. शालूचा भाऊ. "दाजी, तुमी च्या घ्या, आवळायचं मी बघतो," म्हणाला होता. शालूनं त्याच्यासाठी तिथंच करंज्यांचं ताट नेऊन ठेवलं होतं.

गोळा उघडल्याचं कळल्यावर मामी ज्ञानूला घेऊन आल्या. परड्यात पोत्यावर सगळे तुकडे मांडलेले होते. मामी म्हणाल्या, "ज्ञानू, तू मोटारीतला हायस. बघ आन् सांग, माझी पोरगी कशानं गेली?"

ज्ञानूनं ते मोठं चक्र उचललं. बोल्टांच्या डोक्यांतल्या रिकाम्या भोकांवरून त्याचा अंगठा फिरला आणि तिथंच थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मामी त्याच्याकडं बघत होत्या. नवरा गेल्यावर ह्या दोन लेकरांवर जगलेली बाई. एक गेलं होतं.

मी म्हणालो, "मामी, तेल आटलं हुतं. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

त्या रडल्या नाहीत. उठल्या, घरात गेल्या आणि लीलाचे कपडे पदरात बांधले. "पावणं, ह्या घरात माझ्या नातीला ठेवायची न्हाय," एवढंच बोलल्या. हे असं होईल हे मला सुचलंच नव्हतं. तरी बोललेलं मागं घेतलं नाही. ज्ञानू खाली मान घालून त्यांच्यामागं गेला.

नंतर तो एकटाच आला. माझ्याबरोबर काम करू लागला. बोल्ट आवळून झाल्यावर तार मी त्याच्या हातात दिली. त्यानं ती तशीच पोत्यावर ठेवली; मलाच पिळावी लागली. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दाजी, मी आईला सांगतो." मी हो म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही.

खरं सांगू? त्यानं सांगावं, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. त्यानं सांगितलं नाही.

परवा गारगोटीला गेलतो. मामींनी आत घेतलं नाही. लीला उंबऱ्यात आली. म्हणाली, "आबा, आजी म्हंती तुमी त्याल घातलं न्हाईसा म्हणून आई मेली. व्हय?" ज्ञानू आतच होता, मला त्याचा खोकला ऐकू आला. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एस्टी धरायला परत फिरलो.

तू भांडायला जाऊ नकोस. मामींना काही कळू देऊ नकोस. म्हातारी ज्ञानूच्याच कमाईवर जगते. पण पाडव्याला लीलाला भेटायला जा. ती तुलाही तेच विचारील. तू 'न्हाई' म्हण. का म्हणून विचारलं तर काही सांगू नकोस, नुसतं 'न्हाई' म्हण. मला ते तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

तुझा धाकटा,
आकाराम