फिल्मचं अ‍ॅव्हरेज

४ एप्रिल २०२५, शुक्रवार
गाडीच्या काचांना फिल्म लावली. नियमातली, पारदर्शक. फिल्मवाला खरं बोलला — "मॅडम, ऊन आडंल, एसी कमी लागंल. पण अ‍ॅव्हरेजला थोडाच फरक. लई आशा नका ठिवू."

आशा कोण ठेवतंय!

बोरीहून घोडेगावला, पंचायत समितीत. जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटर. एकट्या बाईसाठी एवढं पेट्रोल, एवढा धूर. नवरा, जालिंदर, होता तेव्हा दोघं जायचो. त्याला जाऊन सात महिने झाले. मी अजून रडलेले नाही. लोक बोलतात. बोलू देत.

जेवताना मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगून टाकलं — आत्ता गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते. महिनाभरात अठरा झाली नाही तर घोडेगावात खोली घेणार. ऑफिसातल्या हर्षालीनं बघून ठेवलीय. सासूबाईंचा भाकरी थापता थापता हात थांबला. मामा "बरं" म्हणाले. तेवढंच.

१२ एप्रिल
टाकी फुल केली. सोळा. एसी एकवरच ठेवते, तरी चालतं.

२१ एप्रिल, सोमवार
मामांनी बेल्ह्याच्या बाजारात मेंढी विकली. आता दोनच उरल्या. का विकली? "उगंच." मी पुढं विचारलं नाही. हल्ली काहीच विचारत नाही.

२६ एप्रिल
अठरा!

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी सांगितलं तर सासूबाईच आधी — "बघ! फिल्म लई भारी हाय!" फिल्म कशाशी खातात हे तरी माहीत आहे का यांना!

३ मे
एकवीस. हर्षाली खो-खो हसली. "अगं उज्ज्वला, फिल्म लावलीस का लिंबू-मिरची?" घरी हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. जेवून झोपले.

५ मे
पहाटे पाणी प्यायला उठले. अंगणात मामा गाडीच्या टाकीला नरसाळं लावून उभे. सासूबाई बाटलीतून पेट्रोल ओततायत.

"हळू वत. पोरीला वास यायचा."

"आज थोडंच घालू. एकवीस लई झालं, हाफिसात हसत्यात तिला."

तशीच मागं फिरले. उशीत तोंड खुपसून रडले, सगळ्या महिन्यांचं रडले. मग हर्षालीला फोन केला — खोली नको.