राखाडी चित्रातला बगळा

फुलचूर, १२ ऑक्टोबर २००३

चि. हेमेंद्र यास भूमाताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांचा खोकला कमी आहे. तू राखीला आणलेलं चित्र त्यांनी बैठकीत लावलं. त्यासाठी माझं धानाच्या बांधीचं चित्र उतरवलं. तुझ्या चित्रात वर राखाडी, खाली गडद राखाडी, मध्ये एक रेघ. शेजारचे नंदलालकाका विचारून राहिले होते की पोरानं काही काढलं काऊन नाही. बाबांनी ऐटीत सांगितलं की याला भौमितिक अमूर्त म्हणतात, आता कमीत कमी काढायचीच रीत आहे.

चित्रकलेच्या इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, तुला सी. आई गेली, घर सांभाळायला मी थांबले आणि नागपूरला चित्रकला शिकायला तू गेलास. मी रोज गाडीने आमगावला जाऊन पोरांना फुलदाणी काढायला शिकवते आणि घरी येऊन तुझी रेघ बघते.

रविवारी बाबा शेतावर गेले, तेव्हा त्या रेघेवर मी बगळा काढला. बाबा म्हणाले, आता कुठे चित्र पुरं झालं. दोन दिवस मीही खुशीत होते. तिसऱ्या दिवसापासून मला बैठकीत जाववत नाही. रागाव, पण पत्र लिही.

तुझी,
भूमाताई

नागपूर, २० नोव्हेंबर २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. ती रेघ कुठे ओढायची हे ठरवायला मला चार महिने लागले होते. बोटभर वर घेतली की आभाळ दबायचं. जानेवारीत ते चित्र दिल्लीच्या प्रदर्शनात जायचं होतं, तोवर तुझ्याकडे जपून राहील म्हणून ठेवलं होतं. आता जात नाही.

मागच्या रविवारी तू बाहेर असताना मी येऊन गेलो. तुला सांगू नका, असं बाबांना म्हटलं होतं. बगळा पाहिला. वळलेल्या मानेवरची सैल पिसं तू दोन फटकाऱ्यांत दाखवलीस. कॉलेजात माझ्या बगळ्याला सगळे बदक म्हणत. तेव्हाच मी चौकोनांकडे वळलो. पुढे त्यांच्यावर जीव जडला हे खरं, पण पहिलं कारण तुझा हात होता; तसा बगळा मला कधीच जमणार नव्हता. हे कोणाला सांगितलेलं नाही.

माफ केलं असं अजून म्हणवत नाही. माया मात्र तशीच आहे, तूही ठेव.

हेमेंद्र

फुलचूर, ४ डिसेंबर २००३

चि. हेमेंद्र यास आशीर्वाद.

माझ्या हाताबद्दलची ओळ चार वेळा वाचली. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. टर्पेंटाइनने बगळा पुसायला गेले, तर खालचा राखाडीही निघाला. मग तशी रेघ कागदावर ओढून पाहिली. अकरा कागद झाले. प्रत्येकावर काहीतरी काढल्याशिवाय राहवलं नाही. तुला थांबता येतं, त्याचा हेवा आता जास्तच वाटतो.

जूनपासून मीही नागपूरला शिकायला येते आहे. वय चौतीस, तरी कॉलेजने अर्ज घेतला. बाबांनी विचारलं की मग घराकडे कोण पाहील. मी तुझं नाव सांगितलं.

राग आला तर या खेपेस महिना लावू नकोस.

तुझीच,
भूमाताई