दोन स्टॉपर

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. कोल्हापुरातून पहाटे निघालो, पुण्यात एसटी बदलली आणि दुपारी तीनला आळेफाट्यावर उतरलो. हनुमंतदादा समोरच उभे होते. पंधरा वर्षांनी भेट, पण छाती तशीच रुंद. भर फाट्यावर, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ लावलं. मॅच जिंकल्यावर लावायचे तसंच. लोक बघत होते. मला रडूच आलं.

हिरावहिनी, म्हणजे दादांच्या बायको, सोबत होत्या. गॅरेजवाले चांदभाई त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या जीपमधून बोरीला आलो. घर गावापासून दीडेक किलोमीटरवर, चारी बाजूंनी ऊस. मागं गोठ्यात बारा मेंढ्या. दादांचे वडील कळप घेऊन कोकणापर्यंत फिरायचे. आता त्यांतल्या एवढ्याच उरल्या आहेत, त्याही वहिनींच्या हौसेपोटी.

आळेफाट्यावर दादा फुटबॉलचं टर्फ काढणार आहेत आणि ते चालवायचं मी. एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा मैदानात! हे सगळं कौसरनं, माझ्या बायकोनं, वहिनींशी फोनवर बोलून ठरवलं. निघताना नसीमला उठवायला गेलो तर कौसर म्हणाली, झोपू दे. नऊ वर्षांची पोरगी, तिला सांगून निघायला हवं होतं.

ही वही कौसरनंच बॅगेत टाकली. खेळत होतो तेव्हा प्रत्येक मॅचनंतर दोन ओळी लिहायचो. ती सवय पुन्हा लागेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वहिनींच्या हातची बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. सकाळी दादांबरोबर कुकडी नदीपर्यंत चालत जातो. मग ते ओट्यावर बसून जुन्या मॅचेस सांगतात. आम्ही दोघं स्टॉपर, गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. हवेतला प्रत्येक बॉल डोक्यावर घ्यायचा. दोघंही एकाच बॉलवर उडालो तर टक्कर व्हायची, म्हणून दादा लांबूनच ओरडायचे, "सोड, माझा!" तरी टक्कर व्हायचीच. एकदा गोव्यात दोघांनाही स्ट्रेचरवरून नेलं होतं. पाणी मारलं, किती बोटं ते विचारलं आणि पुन्हा आत पाठवलं. दुसऱ्या हाफमधलं मला आजही काही आठवत नाही. जिंकलो होतो म्हणे.

घराला सगळीकडून लोखंडी जाळी आहे. दिवे लागायच्या आत वहिनी कुलूप लावतात. उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन बसली आहे, असं म्हणाल्या. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. म्हणजे बरोबरच आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. गॅसवर 'बंद केला का?', संडासाच्या दारावर 'संडास', आरशावर 'हनुमंत'.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दादांची तब्येत बरी नाही, ते आता नीट कळलं. एकच गोष्ट सकाळपासून पाच वेळा सांगतात. ऊन सहन होत नाही. मध्येच चिडतात, आज ताट भिरकावलं आणि नंतर स्वतःच भात वेचत बसले. वहिनींनी पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. वर्षानुवर्षं डोक्याला मार बसत राहिला की आतला मेंदू हळूहळू झिजतो. स्कॅनच्या फोटोत धड दिसत नाही. औषध नाही. मोठा मार लागतोच असं नाही, रोजचे बारके धक्केही साचत जातात.

मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाल्या, तुमच्याएवढे होते तेव्हापासून.

दुपारी चारला, आमच्या जुन्या सरावाच्या वेळेला, दादांच्या खोलीतून धप धप आवाज येतो. वहिनी म्हणाल्या की ते भिंतीवर हेडिंग करतात. पण घरात बॉल कुठं दिसला नाही.

मलाही उन्हात डोकं दुखतं, पण ते चष्म्याच्या नंबरामुळं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

टर्फची जागा बघायला एकटाच फाट्यावर गेलो. चांदभाईंच्या गॅरेजमागचा प्लॉट, दादांनी खुणा सांगितल्या होत्या. तिथं ट्रकचे सांगाडे पडलेले. चांदभाईंना विचारलं, लाईटचे खांब कधी येणार? ते पाना खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले.

"हमदानभाई, इथं माझं शेड व्हनार हाय. टर्फ-बिर्फ काय न्हाई. हनुमंत धा वर्सं बोलतोय ते."

मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलं? त्यांनी चहा मागवला. कप पुढं सरकवत म्हणाले, "हे तुमी परवाबी इचारलं व्हतं, राव."

परवा मी फाट्यावर आलोच नव्हतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घरी जायचं ठरवलं. काम नाही तर राहू कशाला? वहिनी मेंढ्यांकडं गेल्या तेव्हा बॅग उचलली, वडापची जीप मिळाली, फाट्यावर पुण्याच्या एसटीला उभा राहिलो. गाडी आली, एवढं पक्कं आठवतं. पायरीवर पाय ठेवला, कंडक्टर म्हणाला आत सरका.

मग मी बोरीच्या रस्त्यावर चालत होतो. उलट्या दिशेनं. पायात एकच चप्पल. बॅग नाही. चांदभाई जीप थांबवून हाका मारत होते.

उन्हानं झालं असेल. वहिनींनी लिंबूपाणी दिलं आणि मीठ-साखर ढवळत म्हणाल्या, "एकट्यानं जायाचं न्हाई आता." संध्याकाळची वेळ नव्हती, तरी त्यांनी जाळीला कुलूप लावलं.

रविवार, २ मार्च

आजपासून रोजे. सहेरी केली, नमाज पढलो, मन शांत झालं. दुपारी वहिनींनी विचारलं, भाऊ, रोजा सोडला का? माझ्या हातात भाकरी होती. अर्धी खाल्लेली.

कौसरला फोन लावला. फक्त नसीमचा आवाज ऐकायचा होता. कौसर खूप हळू बोलली. म्हणाली, अहो, हा आजचा चौथा फोन. नसीमशी सकाळी बोललात की.

काय बोललो मी तिच्याशी?

सोमवार, १० मार्च

दादांच्या कपाळाची जखम चिघळली म्हणून वहिनी आणि चांदभाई त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. मला जाळीच्या आत ठेवून कुलूप लावलं. दोन तासांत येतो म्हणाल्या.

चारला दादांच्या खोलीतून आवाज सुरू झाला. धप. धप. मला वाटलं, आले वाटतं परत. हाक मारली. पुन्हा धप. बघावं म्हणून उठायला गेलो.

उठता येईना. कारण मी बसलेलो नव्हतो. मी दादांच्या खोलीत भिंतीसमोर उभा होतो.

भिंतीवर दोन डाग आहेत. दादा माझ्यापेक्षा चार बोटं उंच. एक डाग त्यांच्या कपाळाच्या उंचीवर, तो जुना, काळपट. दुसरा त्याच्याखाली. ओला.

शुक्रवार, १४ मार्च

वहिनींचा डावा हात सुजलेला, ओठ फुटलेला. माझं डोकं फिरलं. दादांवर धावून गेलो, बायकोवर हात टाकता म्हणून वाट्टेल ते बोललो. ते कोपऱ्यात बसून घाबरल्यासारखे माझ्याकडं बघत होते. वहिनी मध्ये आल्या.

"त्यांनी न्हाई, भाऊ. तुमी."

मी खाली बसलो. मग त्यांनी सगळं सांगितलं, भाकऱ्या थापत, माझ्याकडं न बघता. जानेवारीत नसीमनं टीव्हीचा आवाज मोठा केला म्हणून मी तिला उचलून कपाटावर फेकलं. खांद्याचं हाड मोडलं. मी निघालो तेव्हा ती झोपली नव्हती. पलीकडच्या खोलीत तिला कडी लावून ठेवलं होतं, माझ्यापासून. टर्फचं निमित्त दोघी बायकांनी मिळून काढलं.

"कौसर लई रडत व्हती फोनवर. म्हनाली, पोरीला घिऊन कुटं जाऊ? मी म्हनलं, पाठव हिकडं. माझ्याकडं कुलूप हायच. आन खोटं कशाला बोलू, माझाबी सवारथ व्हता. तुमी आला तवापासून ह्यांनी एकदाबी मला हात लावला न्हाई. तुमी दिसला की शांत ऱ्हात्यात."

दादांकडून खायच्या तो मार वहिनी आता माझ्याकडून खातात. ते त्या बोलल्या नाहीत.

माझ्या हातांना काहीच आठवत नाही. नखाखाली रक्त होतं.

रविवार, १६ मार्च

रात्री माझ्या दाराला बाहेरून कडी असते. पहिल्या दिवसापासून होती म्हणे. मी कधी बघितलीच नाही. बिबट्या उसात आहेच. पण कड्या त्याच्यासाठी नाहीत.

कौसरला फोनवर विचारलं, खरं का? ती रडायला लागली. तेवढं पुरं.

मी वहिनींना म्हटलं, दिवसाही लावत जा.

गुरुवार, २० मार्च

दादांनी मला ओळखलं नाही. मग ओळखलं. मग जवळ येऊन माझं डोकं धरलं, अंगठ्यांनी कपाळ चाचपलं आणि हळूच म्हणाले, सोड, माझा. पुन्हा पुन्हा. सोड, माझा. जणू माझ्या डोक्यावर येणारं सगळं ते स्वतःवर घेणार होते—

दादा, उशीर झाला.

मंगळवार किंवा बुधवार

डोक्यात गोंगाट. उजेड नको. वहिनींच्या बांगड्या वाजल्या तरी— त्यांना सांगितलं, बांगड्या काढा. त्यांनी काढल्या. लगेच. न विचारता. त्याचीच लाज वाटते.

दाराजवळ येऊ नका म्हटलं. ताट खालून सरकवा.

२७ मार्च

वहिनी म्हणतात, कौसरचा फोन होता. ईदला येते म्हणाली. नसीमला घेऊन. पोरगी रोज विचारते, अब्बू कधी.

नाही. नाही म्हणून सांगा. मला फोन द्या, मी सांगतो—

वहिनी म्हणाल्या, तुमीच तर बोलावलंत. मंगळवारी. लई छान बोललात. अगदी पयल्यासारखं. मी बरा झालोय म्हनलात. कौसर हसली फोनवर.

मी बोललो?

कोण बोललं?

२८

फोन केला. कौसर म्हणाली, आता बरे आहात ना? मी येऊ नको म्हणणार होतो. तोंडातून निघालं, शिरखुर्मा आण.

शप्पथ. मी ऐकलं माझ्या कानांनी.

—

वहिनींना लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. कोणी आलं तरी उघडू नका. मी सांगितलं तरी उघडू नका. त्यांनी कागद घेतला, वाचला, चोळीत ठेवला. मान हलवली.

त्या थकल्या आहेत. दिसतं मला. दोघांचं करून—

ईद

जीप आली. चांदभाईंचा आवाज. कौसरचा. आणि ती. अब्बू अब्बू करत ओट्यावर आली आहे, खिडकीतून दिसली, हिरवा ड्रेस, एक खांदा जरा खाली.

मी खोलीत. दाराला पाठ लावून लिहितो आहे. हात गरम झालेत. कानात धप धप. तिनं नुसतं एकदा मोठ्यानं हसू नये.

ओरडलो, येऊ नका. कौसर म्हणाली, पुरे हो, ईदच्या दिवशी तरी रुसू नका.

वहिनी, कागद. वहिनी कागद बघा—

त्या म्हणतात, पोरगी कवाची उभी हाय. म्हणतात, पाचच मिनिटं.

कडी काढताहेत. मी दार दाबून धरलंय पण एकाच हातानं, दुसऱ्या हातानं लिहितो, हात रिकामा ठेवायला नको म्हणून, हात रिकामा असला की

नसीम मागं हो. बेटा मागं